मामांच्या नावेच्या 22 घनफुटांचा हिशेब

आमच्या मामांची लाकडी नाव दुरुस्तीला देताना माझी जी फसवणूक झाली, तिची हकिकत मी तपशिलाने लिहीत आहे. रक्कम गेली ती गेलीच. पण माझ्या शब्दावर विसंबून आणखी दोघांनी त्याच मिस्त्रीला पैसे दिले, हे मला जास्त बोचते. जुन्या लाकडी नावा जपणारी माणसे आपल्या खान्देशात मोजकीच आहेत आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची आहेत. त्या ओळखीचाच उपयोग त्या माणसाने करून घेतला.

मामांचे गाव शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी आहे. शेत दोन्ही तीरांना असल्यामुळे त्यांच्या घरी स्वतःची नाव होती. 22 फूट लांब, सपाट तळाची, सव्वा इंच जाडीच्या सागवानी फळ्यांची, बाहेरून निळा रंग दिलेली. वेचणीच्या दिवसांत तिच्यातून कापूस अलीकडे येई आणि किती गाठोडी आली हे मामा आतल्या बाजूच्या एका फळीवर कोयत्याने खाचा पाडून मोजत. चार उभ्या खाचा आणि पाचवी आडवी, अशा त्या खाचांच्या रांगा मी लहानपणी बोटाने चाचपत असे. पुढे पूल झाले, बंधारे झाले, नावेचे काम संपले आणि ती गोठ्याच्या आडोशाला पालथी पडून राहिली.

निवृत्तीनंतर मी आणि आमच्या पाच-सहा जणांच्या मंडळीने असल्या पडून राहिलेल्या नावा पुन्हा पाण्यात आणण्याचा नाद लावून घेतला. आमच्यात एक डॉक्टर आहेत, एक रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर आहेत, एक केळीचे बागायतदार आहेत. हिवाळ्यात पहाटे बंधाऱ्याच्या संथ पाण्यात वल्ही मारत जावे, हरभऱ्याच्या शेतावरून येणारा गार वारा अंगावर घ्यावा, मधे थांबून थर्मासमधला चहा प्यावा, एवढेच आमचे सुख. दोन लहान नावा आम्ही आमच्या हातांनी दुरुस्त केल्या होत्या, पण मामांच्या नावेचा तळ कुजलेला होता आणि एवढे मोठे काम आमच्या आवाक्यातले नव्हते.

अशा वेळी हा मिस्त्री आमच्यापर्यंत आला, तोही आमच्याच एका स्नेह्याच्या ओळखीने. कच्छमधल्या मांडवीला मोठी गलबते बांधण्याच्या कामावर आपण पंधरा वर्षे होतो, असे तो सांगे. आता सुरत महामार्गालगत त्याने भाड्याने शेड घेतली होती. बोलणे नम्र, हाताची बोटे खरोखरच सुताराची. पहिल्यांदा त्याने बागायतदारांची छोटी होडी 9,000 रुपयांत दुरुस्त करून दिली आणि ते काम निर्दोष केले. ती होडी आजही गळत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या 9,000 रुपयांच्या कामात त्याने कमावले काहीच नसावे. ते पुढच्या कामासाठी टाकलेले बियाणे होते.

मामांची नाव पाहायला आला तेव्हा त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, हात फिरवला आणि म्हणाला, "सर, ही साधी नाव नाही. हा सुरतेच्या वाडियांच्या घराण्यातल्या सुतारांचा हात आहे." आता हे खरे आहे की मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणारे वाडिया मूळचे सुरतेचे, लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने 1817 मध्ये मलबारी सागवानाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर उभी आहे. आपली तापीही शेवटी सुरतेलाच जाते. पण मामांची नाव गावातल्याच सुताराने बांधली होती आणि त्या सुताराला मी ओळखत होतो! तरीही मी त्याला टोकले नाही, कारण ऐकायला बरे वाटत होते.

त्याने दिलेला खर्चाचा अंदाज माझ्याकडे त्याच्याच अक्षरात आहे. सागवान 22 घनफूट, 3,800 रुपये दराने 83,600, तांब्याचे खिळे व चकत्या 19,400, राळ, तेल, रंग आणि तळाला 'पाण्यातल्या किड्यापासून बचावाचा' तांबडा लेप मिळून 12,000, मजुरी 70,000, एकूण 1,85,000 रुपये. बदलायचा होता फक्त तळ. "बाजूच्या फळ्या सोन्यासारख्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही," हे त्याचेच शब्द.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर गणित शिकवले आणि हा एक गुणाकार केला नाही. तळ 22 फूट लांब, 4 फूट रुंद आणि सव्वा इंच जाड, म्हणजे लाकूड लागते सुमारे 9 घनफूट; कापण्यात वाया जाणारे धरले तरी 12 च्या वर जात नाही. 22 घनफुटांत तळ, दोन्ही बाजू आणि आतले आडवे आधार, म्हणजे अख्खी नाव नव्याने होते. तेव्हा हा हिशेब मांडला असता तर जास्तीच्या 10 घनफुटांचे 38,000 रुपये तो कशाचे मागतो आहे, एवढे तरी मी विचारले असते.

तांबड्या लेपाचेही तसेच. लाकूड पोखरणारा तो किडा खाऱ्या पाण्यातला आहे. समुद्रापासून एवढ्या आत, तापीच्या गोड्या पाण्यात तो नसतो. आपल्याकडच्या नावेचा शत्रू म्हणजे आत साचून राहणारे पावसाचे पाणी आणि त्यावर वाढणारी बुरशी. खारे पाणी बुरशीला आवरते, गोडे पाणी आवरत नाही, त्यामुळे समुद्रावरच्या नावेचे सगळे शहाणपण नदीच्या नावेला लागू पडत नाही. हे मला पुस्तकी माहीत होते, पण समोरचा माणूस मांडवीचा म्हटल्यावर मी गप्प बसलो.

2024 च्या दिवाळीनंतर नाव ट्रकमधून त्याच्या शेडमध्ये गेली. पहिला हप्ता 60,000, मग दोनदा 50,000. पैसे मोबाइलवरून दिले, मात्र खाते त्याचे नव्हते, पुतण्याचे होते. "माझ्या खात्याची केवायसी अडकली आहे" हे कारण मी एका शब्दाने तपासले नाही. पावती मागितली की तो हसून म्हणे, "सर, तुमच्या-माझ्यात कागद कशाला?" दर आठवड्याला तो फोटो पाठवी, रचून ठेवलेल्या फळ्या, त्यांच्या टोकांवर वनविभागाच्या हातोड्याचा ठसा, रंधा मारलेले पिवळसर सागवान. ते फोटो मी कौतुकाने मंडळींना पुढे पाठवत असे. त्या कौतुकावर डॉक्टरांनी त्यांच्या नावेसाठी 65,000 आणि फिटरकाकांनी 40,000 रुपये आगाऊ दिले. त्या चार-पाच महिन्यांत आमच्यापैकी एकही जण शेडमध्ये अचानक गेला नाही. डॉक्टरांना वाटले सर जात असतील, मला वाटले काका त्या रस्त्याने नेहमी जातात, ते डोकावत असतील.

30 एप्रिल 2025 ला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. त्या दिवशी नाव पाण्यात सोडायची असे मी मामींना वचन दिले होते आणि मिस्त्रीने तो दिवस पाळला. नाव ट्रकमधून उतरली तेव्हा गाव जमले. बाजू चकचकीत, काठावर तांब्याच्या खिळ्यांची ओळ उन्हात चमकत होती, बाहेरून तसाच निळा रंग. मामींनी नाळेला हळदकुंकू लावले, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. लिंबाला बांधलेल्या झोक्यावर मुलींची गाणी चालली होती. आम्ही नाव पाण्यात ढकलली आणि अर्ध्या तासात माझे पाय घोट्यापर्यंत भिजले.

इथे त्याने जे उत्तर दिले त्याला दाद द्यावी लागेल, कारण ते खरे होते. "सर, 44 डिग्रीच्या उन्हात लाकूड सुकले आहे. पाण्यात राहू द्या, फुगेल आणि सांधे बसतील." लाकडी नावेचे असेच असते, कोरडी नाव पाण्यात टाकली की आधी गळते, फळ्या पाणी पिऊन फुगल्या की फटी मिटतात, आणि म्हणूनच जुनी माणसे उन्हाळ्यात नाव पाण्यातच बुडवून ठेवत. मलाच हे ठाऊक असल्यामुळे मीच इतरांची समजूत घातली आणि शेवटचे 25,000 त्याच संध्याकाळी देऊन टाकले.

तीन दिवस गेले, आठ गेले. गळती कमी होण्याऐवजी वाढली. नवव्या दिवशी गावातले भोई समाजाचे आप्पा काठावर आले. त्यांनी नाव बाहेर ओढायला लावली, हातातल्या काठीच्या मुठीने तळावर नाळेपासून मागेपर्यंत ठोकत गेले. दोन ठिकाणी टणक आवाज आला, बाकी सगळीकडे मडक्यात माती भरल्यासारखा बद्द. मी रंगाची, चकाकीची तरफदारी करू लागलो तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रंग काय देखतस, भाऊ? लाकूड मरेल शे." म्हणजे लाकूड मेलेले आहे.

फिटरकाकांनी टोच्या आणला. तळाच्या फळीत तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. निळा रंग खरवडल्यावर खाली फायबरचे कापड निघाले, त्याखाली मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुटी, काही ठिकाणी इंचभर जाड, आणि त्याखाली आमचाच जुना कुजका तळ. मधल्या भागात प्लायवुड होते. मरीन प्लायला आयएस 710 हे मानक आहे आणि त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. हे प्लाय नऊ दिवसांत पापडासारखे पदर सोडत होते. लोहचुंबक लावला तेव्हा काठाची वरची ओळ सोडून सगळे खिळे त्याला चिकटले, म्हणजे ते लोखंडाचे होते आणि डोक्यांना तांब्याचा रंग लावलेला होता.

पण खरी चोरी तळात नव्हतीच. बाजूच्या 'सोन्यासारख्या' फळ्या रंधून पाहिल्या तर आतून फिकट गुलाबी लाकूड निघाले; ती रंग देऊन सागवानासारखी केलेली नीलगिरी होती. मामांच्या खाचांची फळी नव्हती. मी आत वाकून चारही कोपरे बोटाने चाचपले, पण गुळगुळीत पॉलिशशिवाय हाताला काही लागले नाही.

ती फळी चार दिवसांनी सापडली, पण फोटोत. डॉक्टरांकडे चहा पिताना त्यांच्या नावेसाठी घेतलेल्या 'नव्या सागवानाचा' फोटो त्यांनी मला दाखवला. ढिगातल्या तिसऱ्या फळीच्या कडेला निळ्या रंगाची पुसट पट्टी होती, मधे खिळ्यांच्या जुन्या भोकांची ओळ होती आणि फोटो मोठा करून पाहिल्यावर चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. माझ्या नावेतले साठ-सत्तर वर्षे मुरलेले सागवान तो डॉक्टरांना नवे म्हणून दाखवत होता. असे जुने, घट्ट रेषांचे सागवान फर्निचरवाले चढ्या भावाने घेतात. 22 घनफुटांचा अर्थ मला त्या क्षणी लागला. अख्ख्या नावेचे लाकूड काढून घ्यायचे त्याने पहिल्या दिवशीच ठरवले होते आणि अंदाजही तेवढ्याचाच लिहिला होता.

शेडवर गेलो तेव्हा कुलूप होते. घरमालकाचेही दोन महिन्यांचे भाडे थकलेले. डॉक्टरांची नाव आत निम्मी उकललेल्या अवस्थेत मिळाली. फिटरकाकांची सुदैवाने अजून त्यांच्याच अंगणात होती.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे पूर्वीच्या 420 खाली, तक्रार दिली आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटली म्हणून कलम 316 चाही उल्लेख केला. पहिला प्रश्न आला तो करारनाम्याचा. करारनामा नव्हता. उपयोगी पडले ते त्याच्या अक्षरातले खर्चाचे कागद, पुतण्याच्या खात्यात गेलेल्या रकमांच्या नोंदी आणि फोटो. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका, ज्याने पाठवले त्याच्या संभाषणासकट ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, म्हणून तीही आम्ही दाखल केली आहे.

आमच्या मंडळींत आता नाव दुरुस्तीला देण्यापूर्वी प्रत्येक फळीचा आतून-बाहेरून फोटो घेतो, फळीच्या मागे टोच्याने क्रमांक कोरतो आणि काढलेले जुने लाकूड मालकाला परत मिळेल असे कागदावर लिहून घेतो. रंग देण्याआधी एकदा आप्पांना घेऊन जातो. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च नाव ज्याची त्याने करायचा. शेवटचा हप्ता नाव पंधरा दिवस पाण्यात राहिल्यावर द्यायचा, असे ठरवले आहे. हे सगळे ऐकून एक नवे मिस्त्री रागावून निघून गेले. दुसरे मात्र बसले, चहा घेतला आणि टोच्या कुठला वापरता ते विचारले.

मामांच्या नावेच्या फळ्या धुळे, नंदुरबार, जळगाव किंवा सुरतेकडच्या कुठल्याही वखारीत वा फर्निचरच्या दुकानात आलेल्या असू शकतात. सव्वा इंच जाडीचे जुने सागवान, एका अंगाला निळ्या रंगाचे अवशेष, दर वीतभर अंतरावर खिळ्यांची भोके आणि भोकांभोवती लोखंडाने पडलेले काळे डाग. त्यातल्या एका फळीवर कोयत्याच्या खाचा आहेत, पाच-पाचच्या गटांत, आणि डाव्या टोकाकडच्या शेवटच्या गटात तीनच आहेत. ती फळी कोणाला दिसली तर तिला रंधा मारू नये आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.