मॉडेल वाफेचं इंजिन: उघडायचं, की वरच्यावर भागवायचं?

मॉडेल रेल्वेचं विजेवर चालणारं इंजिन झकास धावतंय, टेंडरमध्ये (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) कोळसा रचलेला आहे आणि कॅबमध्ये चिटपाखरू नाही. ही भुताटकी एकदा डोळ्यांत भरली की चैन पडत नाही. मग चालक आणि फायरमनची जोडी घरी येते. बॉडी काढायचीच आहे तर डीकोडरही (रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारी छोटी चकती) घालू, आवाजही घालू, असा विचार सुरू होतो आणि घोटाळा इथूनच व्हायला लागतो. माणसं बसवण्यासाठी बऱ्याच इंजिनांची बॉडी काढावीच लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठी काहीतरी उघडावं लागतं, पण ते इंजिनच असेल असं नाही.

आधी माणसांचं बघू. टेंडर असलेल्या इंजिनाची कॅब मागून उघडी असते. टेंडर सोडवा, इंजिन फोमच्या खाचेत ठेवा, लांब चिमट्यात माणूस धरून आत सोडा. पंधरा मिनिटांचं काम. टेंडर सोडवताना मधल्या बारीक तारांचा प्लग मात्र तारेला धरून ओढू नका. टँक इंजिनाची, म्हणजे टेंडर नसलेल्या, कोळसा-पाणी स्वतःच वाहणाऱ्या इंजिनाची, गोष्ट वेगळी. तिथे कॅब बहुधा चारी बाजूंनी बंद असते, आणि छप्पर सुटं निघत नसेल तर बॉडी उचलण्याला पर्याय नाही.

बाहेरून बसवण्यात एक उणीव आहे: आत काय काय आहे ते नीट दिसत नाही. जुन्या मॉडेलांत मोटरचं मागचं टोक थेट कॅबमध्ये शिरलेलं असतं. तिथे माणसाचे पाय, कधी कधी कंबरेखालचा अख्खा भाग कापावा लागतो. बाहेरून तो दिसत नाही, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. बॉडी काढलेली असेल तर हे माप एका फटक्यात कळतं, नाहीतर कापा, घालून बघा, परत कापा. सहा फुटी माणूस १:७६ या मॉडेलच्या प्रमाणात २४ मिमी, १:८७ मध्ये २१ मिमी आणि १:१६० मध्ये जेमतेम ११ मिमी भरतो. १:७६ आणि १:८७ दोन्हींत रुळांमधलं अंतर १६.५ मिमीच असल्यामुळे माणसांची सरमिसळ सर्रास होते. अडचणीच्या कॅबमध्ये १:८७ चा चालक बसवला तर माझी हरकत नाही. बसलेल्या माणसाची उंची कोण मोजतो?

चालक कुठल्या बाजूला, हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेत तो उजवीकडे असे, इतर अनेक ब्रिटिश इंजिनांत डावीकडे. मूळ इंजिनाच्या फोटोत रिव्हर्सरचा (इंजिन पुढे-मागे न्यायच्या यंत्रणेचा) दांडा किंवा चाक शोधा, ते ज्या बाजूला ती चालकाची.

चिकटवण्यात दोन सापळे आहेत. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाच्या वाफेने खिडक्यांच्या काचा पांढुरक्या होतात, म्हणून पांढरा गोंद बरा, किंवा परत काढता येईल असा चिकट लगदा. दुसरा सापळा जास्त छुपा आहे. बऱ्याच मॉडेलांत कॅबची जमीन चासीला आणि भिंती बॉडीला जोडलेल्या असतात. माणसाचे पाय जमिनीला आणि पाठ भिंतीला चिकटवली की पुढच्या वेळी बॉडी उचलताना माणूस तरी तुटतो, नाहीतर जमीन. एकालाच चिकटवा. इंजिन आणि टेंडर यांच्यामधल्या हलत्या पट्टीवर फायरमनला उभं करू नका, पहिल्याच वळणावर तो टेंडरला अडेल. आणि माणसं पांढऱ्या धातूची असतील तर त्यातून वीज वाहते हे विसरू नका. कॅबमध्ये मोटरचं उघडं टोक असेल तर प्लास्टिकची किंवा रेझिनचीच माणसं घ्या.

आता बॉडी काढायचं ठरलंच, तर खरी भीती स्क्रूची नाही, पोटाखालच्या नाजूक नळ्यांची आहे. वाळूच्या नळ्या, ब्रेकचे दांडे, कॅबखालचे इंजेक्टरचे पाइप यांतले काही बॉडीला आणि काही चासीला चिकटलेले असतात. आधी ते सोडवा, मग उचला. बॉडी धरणारे स्क्रू बहुधा एक पुढे, पुढच्या छोट्या चाकांच्या आसपास, आणि एक मागे कॅबखाली असतो. मधे चाकांखाली जी पट्टी दिसते तिचे स्क्रूही तसेच दिसतात, पण त्यांना हात लावू नका. ती पट्टी निघाली की चाकं, चाकांवरून वीज घेणाऱ्या पिकअपच्या पत्र्या, सगळं हातात येतं. दोन बाजूंच्या चाकांवरच्या क्रँकपिन एकमेकींशी ९० अंशांत असतात. एखादं चाक आसावर फिरलं तर जोडदांडे अडकतात आणि इंजिन लंगडतं. नुसत्या माणसांसाठी हा धोका पत्करू नये, असं माझं मत. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटीही आधी वाचा.

डीकोडरकडे वळू. सॉकेट असेल तर निवड सोपी: ६, ८, १८ किंवा २१ पिनांपैकी कोणतं ते बघायचं, रिकामा प्लग काढून डीकोडर बसवायचा, संपलं. सॉकेट नसेल तर डाग देऊन तारा जोडाव्या लागतात. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरकडे. खरी अट पुढे आहे. मोटरच्या दोन्ही ब्रशांचा (मोटरला वीज पोचवणाऱ्या टोकांचा) चाकांशी किंवा चासीशी कुठेही संबंध उरता कामा नये. जुन्या मोटरमध्ये एक ब्रश थेट चासीला टेकलेला असतो, तो तसाच राहिला तर डीकोडर जळतो. मल्टिमीटर लावून खात्री करा, नजरेवर विसंबू नका. मोटर अडवून धरल्यावर ती किती करंट ओढते तेही मोजा आणि डीकोडरच्या क्षमतेशी ताडून बघा. काही जुन्या इंजिनांची चासी दोन धातूच्या अर्ध्या भागांची असते, एकेक भाग एकेका रुळाशी जोडलेला. तिथे मोटर वेगळी करणं फार किचकट. असं इंजिन मी डीकोडर न घालता साध्या डीसीवरच (रुळांतल्या व्होल्टेजने वेग ठरणाऱ्या जुन्या पद्धतीवर) ठेवतो आणि फक्त माणसं बसवून मोकळा होतो.

तारा जोडून झाल्या की गाडी थेट मुख्य रुळावर ठेवू नका. डीकोडरची मांडणी करण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या, प्रोग्रॅमिंगच्या रुळावर करंट मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकलेली असेल तर ती बहुधा डीकोडर जळण्याआधीच कळते. नव्या डीकोडरचा पत्ता, म्हणजे ज्या क्रमांकाने त्याला हुकूम मिळतात तो, ३ असतो. तो वाचता आला की निम्मी लढाई जिंकली.

डीकोडर टेंडरमध्ये की बॉयलरमध्ये? टेंडर पोकळ असतं, झाकण सहज निघतं, स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून बसतो, आणि इंजिनाच्या बॉडीला अनेकदा हातच लावावा लागत नाही. किंमत मोजायची ती तारांची. इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये किमान चार, दिवे असतील तर आणखी. त्या ताठ असल्या तर हलकं टेंडर वळणावर रुळावरून उतरतं, म्हणून मऊ, बारीक तार आणि थोडी ढील. बॉयलरमध्ये ही कटकट नाही, शिवाय पुढच्या धूरपेटीत स्पीकर बसवला तर भकभक खरोखर धुराड्यातून येते. पण तिथे जे ओतीव वजन असतं तेच चाकांना पकड देतं. ते कापलं की इंजिन आवाज भरपूर करतं आणि डबे ओढायची वेळ आली की चाकं जागीच घसरतात. टेंडर असेल तर मी टेंडरच निवडतो. मोटरच टेंडरमध्ये असेल तर विचारायलाच नको. स्पीकर कुठेही बसवा, त्याची पेटी हवाबंद हवी, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

दोन्ही कामं करायची असतील तर क्रम पाळा: आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग चाचणी, माणसं सगळ्यात शेवटी. मी एकदा उलटं केलं. चालक छान रंगवून चिकटवला, आणि मग लक्षात आलं की तारा कॅबमधूनच न्यायच्या होत्या. बॉडी अर्धा मिलिमीटर वर राहायला लागली. चालकाला खरवडून काढला तेव्हा त्याचा एक हात दांड्यालाच राहिला.

छोट्या टँक इंजिनात मात्र सगळ्याला जागा पुरत नाही. स्पीकर, किंवा वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा कपॅसिटर, यांतलं एकच मावतं. मी कपॅसिटर निवडतो. सहा चाकांचं आखूड इंजिन पॉइंटवरच्या (रूळ बदलायच्या जागेवरच्या) वीज नसलेल्या तुकड्यावर अडलं की बोटाने ढकलावं लागतं, आणि इतक्या मेहनतीने बसवलेले ते दोघे आतून नुसते बघत राहतात.