स्कोअर-१५ की ओआरएस: कुटुंबासोबतचं काम कशानं मोजावं?

थेरपिस्ट म्हणून कुटुंबांसोबत किंवा जोडप्यांसोबत काम करताना खरंच फरक पडतोय का, हे नीट मोजायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांची निवड बहुधा दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक स्कोअर-१५ ही प्रश्नावली, दुसरी ओआरएस आणि एसआरएस ही चार-चार रेघांची जोडी: ओआरएसच्या रेघांवर माणूस सेशनच्या सुरुवातीला आपलं कसं चाललंय याची खूण करतो, एसआरएसच्या रेघांवर सेशन संपताना ते सेशन कसं वाटलं याची. मी दोन्ही बराच काळ वापरल्या आहेत. आता माझ्या टेबलावर एकच असते. तरी दुसरीबद्दल आदर आहे, आणि तुमच्याकडे येणारी कुटुंबं वेगळी असतील तर तुमचा निर्णय उलटाही होऊ शकेल.

वैवाहिक समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्या इथे धरलेल्या नाहीत. स्पॅनियर यांची १९७६ ची डीएएस किंवा फंक आणि रॉग यांची २००७ ची सीएसआय संशोधनासाठी चांगल्याच आहेत. पण काही जोडपी सन्मानानं वेगळं कसं व्हायचं हे ठरवायला येतात. त्यांचं समाधान वाढलं नाही म्हणून काम फसलं असं मला म्हणवत नाही.

स्कोअर-१५ चं मोठेपण असं की ती एकेकट्या माणसाची तब्येत विचारत नाही, घरात काय चालतं ते विचारते. अडचणीत हे लोक कसे सावरतात, अडचणींखाली किती दबून गेलेत आणि एकमेकांशी बोलणं किती बिघडलंय, या तीन अंगांनी तिची १५ विधानं फिरतात. पीटर स्ट्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ४० विधानांची मूळ प्रश्नावली गाळून २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. दुखणं एका माणसात नसून माणसांच्या मधे असतं, असं मानूनच आपण हे काम करतो. त्या समजुतीशी ही प्रश्नावली इमान राखते. शिवाय तिच्यात एक मोकळी जागा आहे: तुमच्या कुटुंबाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत करा, आणि मुख्य अडचण कोणती ते लिहा. वडील मुलाचा अभ्यास लिहितात, आई सासरच्यांची ढवळाढवळ लिहिते आणि मुलगी लिहिते, ‘दोघं बोलतच नाहीत’. हे कागद शेजारी ठेवले की पहिल्याच सेशनमध्ये कामाला तोंड फुटतं. या बाबतीत ओआरएस तिच्या जवळपासही येत नाही.

ओआरएस मुळात एकेका व्यक्तीसाठी बनलेली आहे. स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांच्या त्या दहा सेंटिमीटरच्या चार रेघांपैकी जवळच्या नात्यांबद्दल एकच आहे. नवऱ्याची नोकरी रुळावर आली की त्याची एकूण बेरीज वर जाते, घरातला अबोला होता तिथेच असतो. त्यामुळे कागदावर पाहिलं तर कुटुंबाच्या कामासाठी ही निवड चुकीचीच वाटते, आणि मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

माझं गाडं अडलं ते एकाच जागी: स्कोअर-१५ चा दुसरा फॉर्म हातात येतच नाही.

नेहमीची पद्धत अशी की पहिल्या सेशनला एकदा, चौथ्याच्या सुमारास एकदा आणि शेवटाकडे एकदा भरून घ्यायची. पण कितीतरी कुटुंबं दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर येईनाशी होतात. त्यांच्या फाइलमध्ये एकच कागद राहतो. एका कागदातून बदल काढता येत नाही, म्हणून वर्षाअखेरीचा तक्ता करताना ही कुटुंबं आपोआप गळतात. उरतात ती चिकाटीनं आलेली, आणि त्यांच्यात सुधारणा दिसणारच. तक्ता देखणा होतो. ज्यांच्याकडून मला शिकायचं होतं, नेमके तेच त्यात नसतात. मला हे फार लागत असे, कारण निघून गेलेल्या कुटुंबाचं आपल्या हातून बिघडलं की दोन बैठकांतच भागलं, हे कळायला काही वाटच राहत नव्हती. मागाहून फॉर्म पाठवून पाहिले. नाराज माणसं ते परत करत नाहीत. कधी दोघांपैकी एकाचाच येतो, आणि एकाच्या कागदावरून दोघांचं घर कसं मोजायचं? दर आठवड्याला द्यावा, तर चार माणसांनी १५ विधानं वाचेपर्यंत वेळ जातो आणि लोक मागच्या वेळच्याच खुणा पुन्हा करू लागतात. घराच्या सवयी आठवड्याला बदलतही नाहीत.

ओआरएसमध्ये माणूस आत आला की बोलणं सुरू होण्याआधी खूण होऊन जाते. कुटुंब तिसऱ्या सेशननंतर आलं नाही, तरी प्रत्येकाच्या तीन नोंदी हातात असतात. शेवटची नोंद हाच निकाल, बरा असो वा वाईट. त्याहून मोलाचं म्हणजे घसरण ते लोक जायच्या आधी दिसते, विचारायला अजून वेळ असतो तेव्हा. २००५ मध्ये मानसोपचारांचे संशोधक मायकेल लँबर्ट यांच्या सहकाऱ्यांनी थेरपिस्टना आपले कोणते क्लायंट बिघडतील याचा अंदाज विचारला होता. ५५० पैकी तिघांबद्दल तशी शंका व्यक्त झाली, प्रत्यक्षात ४० जण बिघडले. तो अभ्यास कुटुंबांचा नव्हता. पण एकट्या माणसाचं बिघडणं जर नजरेतून सुटतं, तर तिघे बोलत असताना कोपऱ्यात गप्प बसलेल्या चौथ्याचं किती सुटत असेल!

जोडप्यांसाठीचा पुरावाही आहे. नॉर्वेत २०५ जोडप्यांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात थेरपिस्टला या रेघांची माहिती सेशनगणिक मिळत होती, तिथे ठळक सुधारणा झालेल्या जोडप्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास चौपट निघालं. हे थोडं राखूनच घ्यावं. अभ्यासकांमध्ये डंकन स्वतः होते, आणि जी पट्टी उपचाराचा भाग तीच निकालाचीही मुख्य पट्टी होती.

आता थेरपिस्टच्या कौशल्याबद्दल. इथे मात्र माझं मत पक्कं आहे. स्वतःबद्दलच्या आपल्या अंदाजावर विसंबता येत नाही. २०१२ च्या एका पाहणीत १२९ व्यावसायिकांपैकी एकानंही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नव्हतं. अमेरिकेतल्या एएएमएफटी या विवाह आणि कुटुंब थेरपिस्टांच्या संघटनेची १२८ क्षमतांची यादी अभ्यासक्रम म्हणून छान आहे, पण काम करणाऱ्याला टिकमार्क करायला देऊ नये. मला खरा भरवसा आहे तो रेकॉर्डिंग पाहणाऱ्या सुपरवायझरवर. आणि इथेच दर सेशनच्या रेघा कामी येतात. शिकाऊ थेरपिस्टला नुसतं ‘रेकॉर्डिंग आण’ म्हटलं तर तो बरं गेलेलं आणतो. ‘ज्या सेशननंतर बायकोची खूण वर आणि नवऱ्याची खाली गेली, ते आण’ असं सांगितलं की बोलायला खरं काहीतरी मिळतं. स्कोअर-१५ च्या दोन फॉर्ममधल्या मोठ्या अंतरातून असं सेशन शोधताच येत नाही.

एसआरएसबद्दल मी तेवढा उत्साही नाही. सेशन संपताना समोर थेरपिस्ट आणि शेजारी जोडीदार असतो, त्यामुळे लोक भरभरून गुण देतात. ४० पैकी ३६ च्या खाली गेलं की विचारावं असा दंडक आहे, तो ठीकच. माझ्या अनुभवात पहिल्या काही सेशनमधल्या पूर्ण गुणांवरून काहीच कळत नाही. दोघांच्या गुणांत फट पडली की मात्र जागं व्हावं, कारण त्याचा अर्थ बहुधा असा असतो की एकाला तुम्ही दुसऱ्याच्या बाजूचे वाटू लागला आहात.

स्कोअर-१५ कोणी घ्यावी? जिथे कुटुंबं टिकून येतात, बारा वर्षांवरची मुलं सोबत बसतात आणि संस्थेला वार्षिक अहवाल द्यायचा असतो, तिथे मी तीच सुचवेन. जोडप्यांचं काम जास्त असेल, गळती असेल किंवा हाताखाली शिकणारे असतील, तर ओआरएसकडे झुकावं असं मला वाटतं. ती घेतलीत तर दोघांची सरासरी कधीही काढू नका. एकाची रेघ वर आणि दुसऱ्याची खाली असेल तर सरासरी सपाट दिसते, आणि सगळी माहिती त्या फरकातच असते. बेरजेपेक्षा दुसरी, म्हणजे जवळच्या नात्यांची रेघ आधी पाहा. ओढून आणलेल्या जोडीदाराची बेरीज पहिल्या दिवशी ४० पैकी २५ च्या, म्हणजे मदतीची गरज सुचवणाऱ्या हद्दीच्या, वरच येईल, कारण त्याच्या मते त्याला काही झालेलंच नाही. पुढे ती बेरीज खाली आली तर घाबरू नका, त्याच्याशी बोला. आणि घराचं स्वतःच्या शब्दांतलं वर्णन स्कोअर-१५ मधून उचलून पहिल्या सेशनला प्रत्येकाला तोंडी विचारा. मी तो प्रश्न अजून सोडलेला नाही.