वाढत्या अंगाची सायकल

"वाढत्या अंगाची घ्या, ताई." एवढ्या एका वाक्यावर मी फसले. लाज याची वाटते की ते वाक्य खरं तर माझ्याच तोंडचं. लेकीचे कपडे, बूट, रेनकोट, सगळं मी आजवर याच हिशेबाने घेत आले. बाह्या दुमडायच्या, बुटाच्या टोकात कापूस कोंबायचा, वर्ष-दीड वर्ष निभतं. सायकलीत कापूस कोंबता येत नाही, हे कळायला मला चार महिने आणि लेकीच्या नडगीवरच्या तीन खुणा लागल्या.

लेक साडेनऊ वर्षांची, उंची १३५ सेंमी, वजन २९ किलो. २० इंची सायकलवर तिचे गुडघे हँडलला घासायला लागले तेव्हा नवी घ्यायचं ठरलं. तिला 'डोंगरावरची' हवी होती. म्हणजे जाड खाचांचे टायर, गिअर आणि शॉकअप, धक्के झेलणारी स्प्रिंग. माझं ज्ञान इतकंच की २० नंतर २४ चा नंबर लागतो.

दुकानात २४ ची शिल्लक नव्हती. तसं तो बोलला नाही, अर्थात. त्याने सरळ एक काळी-केशरी सायकल बाहेर काढली. पुढे शॉकअप, सीटखाली जाड लाल स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर. लेकीची नजर त्या लाल स्प्रिंगवरून हलेना. मी वाकून टायर वाचला. २६ × १.९५.

"ही तर २६ ची आहे ना?"

"ताई, तो टायरचा आकडा. सायकलची साईज फ्रेमवर धरतात. ही सोळा इंची फ्रेम, लहान."

यात खोटं एक अक्षर नाही, हीच तर गंमत. मोठ्यांच्या सायकली खरोखरच फ्रेमच्या मापाने विकतात आणि मुलांच्या चाकाच्या मापाने. सोळाची फ्रेम ही मोठ्यांतली लहान. त्याने मोठ्यांच्या पट्टीवरचा 'लहान' उचलला आणि माझ्या लहान मुलीपुढे ठेवला. टायरवर बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता, ५०-५५९. त्यातला ५५९ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. २४ इंची माउंटन बाइकला तो ५०७ असतो, तिच्या जुन्या २० इंचीला ४०६ होता. म्हणजे चाक एकदम १५ सेंमीने मोठं. हे मी नंतर शिकले. त्या दिवशी मान डोलावली.

मग तिला बसवून बघायचा कार्यक्रम. तो प्रसंग नंतर मी कितीदा डोळ्यांपुढे आणलाय. त्याने सीट पार खाली दाबली, लेकीला उचलून वर बसवलं आणि हँडल धरून स्वतः डाव्या बाजूला उभा राहिला.

"टेकतोय ना पाय, बाळा?"

"टेकतोय," ती म्हणाली.

टेकत होताच. डाव्या बुटाचं टोक फरशीला लागलेलं मी स्वतः बघितलं. सायकल सरळ उभी नव्हती, हे मात्र दिसलं नाही. त्याने ती स्वतःच्या मांडीवर चांगली रेलवून घेतली होती. उजवा पाय कुठे होता? वर, पेडलवर. तो बघायला मी सायकलच्या पलीकडे गेलेच नाही. चार पावलं चालायची होती फक्त.

"मुलं काय, बघता बघता वाढतात," तो म्हणाला. "२४ ची दिली तर वर्षात परत याल. मला बरंच आहे, धंदाच आहे माझा. पण तुमचे पैसे वाया." स्वतःचा धंदा बुडवून माझं भलं बघणारा माणूस! मी विरघळले. बिलावर त्याने लिहिलं, 'सायकल, १ नग'.

पहिले दोन दिवस ती सायकलपासून हलली नाही. पुसली काय, घंटी लावली काय, फोटो काढले काय. तिसऱ्या दिवशी चढावर अचानक थांबायची वेळ आली, ती सीटवरून पुढे उतरायला गेली आणि मधल्या दांड्यावर आपटली. मुलींनाही तिथे लागतं आणि भयंकर लागतं. त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. एकदा गृहपाठ राहिला होता. एकदा टायरमध्ये हवा नव्हती, मी दाबून बघितलं तर टायर दगडासारखा टणक. मी तिला बोलले. "हट्ट करून घेतलीस ना? आता चालव." पैसे गेल्याचं मी विसरेन, हे बोललेलं विसरत नाही. नऊ वर्षांचं पोर 'सायकल मला मोठी होते' असं म्हणत नाही हो. त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही.

चोरी उघडी पडली ती ब्रेकमुळे. पुढचा डिस्क ब्रेक किंचाळायला लागला म्हणून सायकल दुरुस्तीला नेली, लेक बरोबर होती. तिथल्या काकांनी ब्रेककडे बघितलंच नाही. "कुणाची ही?" मी लेकीकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सायकलकडे, आणि म्हणाले, "बूट काढ गं जरा."

टाचा भिंतीला लावून तिला उभं केलं. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, पाठ वरच्या बाजूला, घट्ट वर सरकवायला लावलं, सीटवर बसल्यावर लागतं तितकं. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली आणि जमिनीपासून टेप लावला. ६२ सेंमी. मग तोच टेप सायकलच्या मधल्या दांड्याला, जिथे ती उभी राहणार तिथे. ६८.

सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिलं की दांडा आणि अंग यांत निदान ५ सेंमी मोकळे हवेत, खडबडीत वाटेवर त्याहूनही जास्त. आमच्याकडे मोकळं राहायचं सोडाच, दांडाच ६ सेंमी वर. थोडक्यात, माझी मुलगी या सायकलवर दोन्ही पाय टेकून उभीच राहू शकत नव्हती. थांबायचं म्हणजे दर वेळी उडी मारायची, नाहीतर पडायचं.

"पण वाढेल ना ती?" मी म्हटलं. अजूनही! काकांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतात, आणि त्यातली साधारण अर्धी किंवा थोडी जास्त वाढ पायांत. दांडा ६८, वर ५ मोकळे, म्हणजे ६२ वरून ७३ वर जायला किती वर्षं? वयात येताना वाढीला वेग येतो, तो धरला तरी तीन. तोवर ती या सायकलवर पडत राहणार, किंवा सायकल सोडणार. पोटदुखीचा उलगडा मला तिथे, त्या तेलकट फरशीवर झाला.

मग एकेक निघत गेलं. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला लावलेलं असतं तिच्या, मागच्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ, १७० असा आकडा कोरलेला होता. क्रँकची लांबी, मिलिमीटरमध्ये, धडधाकट मोठ्या माणसाची. मुलांसाठी उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरतात, म्हणजे हिला १४० पुरे. तीन सेंमीने काय होतंय, असं वाटेल. पण पाय गोल फिरतो. त्याचा घेर २८ सेंमीच्या वर्तुळाऐवजी ३४ च्या वर्तुळाचा होतो, आणि वरच्या टोकाला गुडघा छातीकडे येतो. ती डुलत डुलत पेडल मारायची आणि आम्ही घरी हसायचो.

ब्रेकचा दांडा तिच्या बोटांच्या फक्त शेवटच्या टोकांना लागत होता. बऱ्याच सायकलींना तो मुठीच्या जवळ आणायला एक बारीक स्क्रू असतो, हिला नव्हता. गिअर मूठ फिरवून बदलायचे, आणि ती मूठ इतकी घट्ट की लेकीला दोन्ही हात लागायचे. त्यामुळे २१ पैकी ती वापरायची एकच.

आणि ती लाल स्प्रिंग. दुकानात त्याने स्वतःचं सगळं वजन टाकून सीट दाबून दाखवली होती, "बघा कशी मऊ." पुढच्या शॉकअपचंही तसंच. काकांनी पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या, चकचकीत नळीवर प्लॅस्टिकची बारीक पट्टी आवळली, रबराच्या कडेला टेकवून, आणि सायकल धरून लेकीला अलगद वर बसवलं, परत उतरवलं. चांगला शॉकअप एकूण जितका दबू शकतो, त्याच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतका नुसतं बसल्यावरच खाली जायला हवा. पट्टी सरकली ती नखाच्या जाडीएवढी. २९ किलोला ती स्प्रिंग ओळखतच नव्हती. म्हणजे लेक दोन शॉकअपचं ओझं ओढत होती, आणि धक्के सगळे मनगटात.

ओझं किती, ते मी घरी येऊन मोजलं. वजनकाट्यावर आधी मी एकटी, मग सायकल उचलून. फरक १७ किलोंचा. २९ किलोच्या मुलीला १७ किलोची सायकल म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ३८ किलोची. द्या बघू कुणाला.

फ्रेमवर ठळक अक्षरांत 'ॲलॉय' लिहिलेलं होतं, सायकलीत त्याचा अर्थ हलकं ॲल्युमिनियम असा घेतात. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून लावलं, टप्पकन चिकटलं. ॲल्युमिनियमला चिकटत नाही. रिमला लावलं तर खाली पडलं. म्हणजे ॲलॉय होते ते रिम. (तसं पोलादही मिश्रधातूच म्हणा, तेव्हा इथेही त्याला खोटं ठरवायची सोय नाही.) आणि चेनजवळच्या दांडीच्या आतल्या बाजूला, सायकल उलटी केल्याशिवाय दिसणार नाही असा, बोटाएवढा स्टिकर. ही सायकल पक्क्या रस्त्यावर वापरण्यासाठी आहे, उड्या, कसरती आणि डोंगरवाटांसाठी नाही. वर मोठ्या अक्षरांत 'माउंटन', खाली बारीक अक्षरांत हे.

मी परत गेले. भांडायला गेले खरं तर. तो शांत होता. "वापरलेला माल आहे, ताई. आणि मी कुठे जबरदस्ती केली? तुमच्या मुलीनेच सांगितलं ना पाय टेकतो म्हणून." लेक शेजारी उभी होती. तिने मान खाली घातली. त्या क्षणी मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बिलावर 'सायकल, १ नग' असल्याने मला काही म्हणताही येईना. चाकाचं माप नाही, मॉडेल नाही, फ्रेमचा नंबर नाही. हा नंबर क्रँकच्या खाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो. तो, चाकाचं माप, आणि दुकानदार तोंडाने जे जे सांगतो ते, 'साडेनऊ वर्षांच्या, १३५ सेंमी उंचीच्या मुलीसाठी' या शब्दांसकट बिलावर लिहून मागा. लिहायला त्याचा हात अडला तर तिथेच समजा.

दुसरी सायकल घेताना मी पिशवीत पुस्तक, टेप आणि लोहचुंबक घेऊन गेले. विकणारा हसला. हसू दे. या वेळी मी सायकल धरूच दिली नाही कुणाला. लेक स्वतः उभी राहिली, दांड्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर पाय टेकून, मी पुढून बघितलं, मागून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. २४ इंची, पुढे साधा चिमटा, पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे आठ, साधे रबरी ब्रेक, वजन साडेदहा किलो. शॉकअप नाही म्हणून ती पाच मिनिटं रुसली.

वाढीचं काय, हा प्रश्न मी या वेळीही विचारला, पण सीटची दांडी उपसून. दांडीवर एक आडवी खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडी किंवा फ्रेम मोडते. आत्ता तिच्या मापाला लावल्यावर ती खूण आत किती खोल आहे ते मोजलं. ११ सेंमी. वाढत्या अंगाची सोय सायकलमध्ये असते ती इथे. पाय वर्षाला तीन सेंमी वाढले तरी काही वर्षं निघतात, आणि आज तिचे दोन्ही चवडे जमिनीला टेकतात. पोटात दुखायचं आपोआप थांबलं.

राहिली ती काळी-केशरी. विकायला काढली, सगळं खरं लिहून: २६ इंची, १७ किलो, मोठ्या माणसाची. पहिलाच फोन एका बाईंचा आला. मुलगा आठ वर्षांचा, लाल स्प्रिंग त्याला फार आवडली.

"त्याला खूप मोठी होईल," मी म्हटलं.

"होऊ दे हो, वाढेलच की तो."

मी त्यांना पुस्तक आणि भिंतीचं सांगायला लागले. पाय किती सेंमी, दांडा किती. त्या जरा वेळ ऐकत होत्या. मग वैतागून म्हणाल्या, "तुम्हाला विकायची आहे की नाही?"