बारा रंगांची छोटी पेटी: अर्धं वर्ष वापरल्यानंतर

जलरंगांची बारा हाफ पॅनची, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या बारा छोट्या वड्यांची, खिशात मावणारी पत्र्याची पेटी घेऊन अर्धं वर्ष उलटून गेलं. घरातले आम्ही तिघं ती वापरतो, आणि तिघांच्या रंगवण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की एकाच पेटीबद्दल तिघांचं मत तीन प्रकारचं आहे. म्हणून चांगली की वाईट असं एका वाक्यात सांगता येणार नाही.

माझी तऱ्हा रोजची. दिवसाकाठी थोडा वेळ, पोस्टकार्डाएवढा कागद, समोर जे असेल ते. चष्मा, नळ, दोरीवरचा शर्ट. यासाठी ही पेटी अप्रतिम आहे. झाकण उघडलं, पाण्याचा थेंब टाकला की काम सुरू. ट्यूब पिळा, पॅलेट मांडा, नंतर धुवा, हा व्याप असता तर रोज बसणं झालंच नसतं. पॅनमधला वाळलेला रंग पाणी लागताच पुन्हा सुटतो, कारण त्याला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे काही वाया जात नाही.

ताईचं काम अगदी उलट. ती आधी पेन्सिलने रेखाटन करते, रंगांच्या पट्ट्या काढून बघते, मग एकावर एक पातळ थर देत एक चित्र कितीतरी दिवस चालवते. तिला ही पेटी अपुरी पडते आणि तिची तक्रार रास्त आहे. हाफ पॅनचं तोंड एवढंसं. मोठा ब्रश त्यात धड बुडत नाही. आकाशाचा मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा तर पुरेसा रंग कालवेपर्यंत कागदाची ओल उडून जाते. तिने निळा आणि पिवळा ट्यूबमध्ये घेतला, बाकी पेटीतलेच वापरते. मोठं आणि ठरवून काम करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा.

आणि बाबा! ते चित्र काढतच नाहीत. ओल्या कागदावर रंग सोडायचे आणि काय होतं ते बघत राहायचं. या पेटीतला सगळ्यात सुंदर प्रकार त्यांनीच दाखवला. अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र केले की छान राखाडी होतो, हे मला माहीत होतं. बाबांनी ते मिश्रण भरपूर पाण्यात सोडून कागद आडवा ठेवला. वाळल्यावर निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले, तपकिरी त्यांच्या आजूबाजूला पसरलेला, आणि लांबून पाहिलं तर ओला दगडच. अल्ट्रामरीनचे कण असे खाली बसतात. थॅलो निळा बसत नाही, तो कागदाला डाग पडल्यासारखा धरतो आणि पुसला तरी पूर्ण निघत नाही. तयार राखाडीची ट्यूब घेतली असती तर हे बघायला मिळालंच नसतं. बारा रंग कमी वाटत असतील त्यांनी आधी दोन-दोन रंग कालवून तक्ता करावा. मला आता आठही पुरतील असं वाटतं.

आता पेटीतला खरा दोष. गडद लाल, म्हणजे अलिझरिन क्रिमझन, उजेडात विटतो. त्याची एक पट्टी मी अर्धी झाकून खिडकीत चिकटवली होती. काही आठवड्यांत उघडा भाग स्पष्ट फिका पडला. पॅनच्या वेष्टनावर बारीक अक्षरात पीआर ८३ असा रंगद्रव्याचा क्रमांक असतो. रंगाच्या नावापेक्षा तो वाचावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी द्रव्यं घालतात. वहीतल्या चित्रांना यामुळे फरक पडत नाही, वही मिटलेलीच असते. पण ताई चित्रं फ्रेम करून देते. तिच्या हातून गेलेल्या चित्रातला लाल दोन वर्षांत उडाला तर ते मला अजिबात चालणार नाही.

बारीकसारीक गोष्टी: झाकणाच्या पांढऱ्या इनॅमलवर सुरुवातीला रंग थेंबाथेंबाने आकसतो, थोडी टूथपेस्ट लावून घासलं की नीट पसरतो. ओली पेटी लगेच बंद करू नका, बुरशी धरते. सोबत आलेला पाणी भरायचा ब्रश प्रवासात ठीक, एरवी त्यातून पाणी नको तेव्हा सुटतं.

रंगांइतकाच खर्च कागदावर करा, हे मात्र तिघांचंही एकमत. लाकडाच्या लगद्याच्या पातळ कागदावर ताईचा दुसरा थर पहिल्याला उखडायचा आणि कागदाला लव सुटायची. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, सुती कागदावर तोच रंग, तोच ब्रश, आणि चार थर शांतपणे बसले. माझ्या झटपट चित्रांना साधा कागद चालतो. बाबांच्या प्रयोगांना सुतीच लागतो, कारण तो बराच वेळ ओला राहतो, आणि त्यांची सगळी मजा त्या ओल्या वेळातच आहे.

पेटी बदलणार नाही. संपत आलेल्या अलिझरिनच्या जागी क्विनॅक्रिडोन या उजेडात टिकणाऱ्या द्रव्याचा, पीव्ही १९ क्रमांकाचा सुटा पॅन बसवणार आहे. हाफ पॅन सुटे मिळतात, हा या पेटीचा मोठाच फायदा.