सिटका, अलास्का : हॅलिबटची बोट

गंगापूर धरणावर गळ टाकून बसणाऱ्या आम्हा नाशिककरांना बोटीतून हॅलिबट मासा धरायचा हा प्रकार वेगळाच. हॅलिबट तळाशी राहतो, म्हणून जड शिसं बांधून, हेरिंग या छोट्या माशाचं आमिष लावून गळ खोल सोडायचा. मासा लागला की हिसका द्यायचा नाही, सावकाश गुंडाळायचं. गोल वाकडा गळ आपोआप जबड्यात बसतो. माझे दंड भरून आले! मासा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. सौ. म्हणाल्या, "पापलेटचा थोरला भाऊ." कॅप्टन शांत, हाताला धरून शिकवणारा. नाश्ता सुमार. परवान्याचे पैसे वेगळे. मळमळीची गोळी निघण्याआधीच घ्या. संध्याकाळी गावातली कॅसल हिल ही टेकडी चढा. १८६७ मध्ये रशियाने अलास्का इथेच अमेरिकेकडे सोपवलं. आणि मासा काळ्या मसाल्यात घालू नका, चवच हरवते. हळद-मीठ लावून तळा.