आठ महिने बिलिंग सॉफ्टवेअर वापरून: सगळं ठीक, ती शेवटची टिक सोडून

गेल्या जूनमध्ये घेतलं. सोलापुरात नवी पेठेत आपलं चादर-टॉवेलचं दुकान. काउंटरवर एक कॉम्प्युटर, मागं गोडाऊनात दुसरा. डेटा गोडाऊनातल्यावर आणि काउंटरवरून तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. बिल, स्टॉक, जीएसटीचे रिपोर्ट यात काय काय येतं ते सगळ्यांना माहितीये, त्यावर टाइप करत बसत नाही. मला बोलायचंय ते सेटअपच्या शेवटच्या स्क्रीनवर.

तिथं दोन चौकोन असतात. एक 'प्रोग्राम सुरू करा', तो रिकामा. दुसरा 'सेटअप पुन्हा चालवा', आणि त्यात टिक आधीच मारलेली! आपण काय करतो, नेक्स्ट नेक्स्ट करत शेवटी फिनिश दाबतो आणि चहाला उठतो. येऊन बघतो तर सेटअप परत पहिल्या पानावर, भाषा निवडा म्हणतोय. मला वाटलं झालंच नाही, म्हणून परत केलं, परत तेच, असं तीनदा. शेवटी भाचा म्हणला, "मामा, काय करायलाय तुम्ही, ती टिक काढा की आधी." सर्व्हिसवाल्यांना फोन लावला तर पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग सांगितलं, सर ते फीचर आहे. फीचर म्हणे. तेव्हाच एक स्टार देणार होतो.

मग सप्टेंबर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, हजाराच्या वर आणि अडीच हजारापर्यंतच्या चादरीवर 12 टक्के होता तो 5 वर आला, म्हणजे अपडेट टाकल्याशिवाय बिलच फाडता येईना. आमच्याकडं ॲडमिनचा पासवर्ड हार्डवेअरवाल्याकडं असतो (भाच्यानं गेम टाकून ठेवले होते, त्यानंतरची व्यवस्था) आणि तो एका फेरीचे तीनशे घेतो. अपडेट तीन तुकड्यांत: मेन, लेबल प्रिंटर, मराठी प्रिंट. एकावेळी एकच तुकडा बसतो, आणि प्रत्येक वेळी सेटअप नव्यानं उघडला की पासवर्ड. हा बाबा पहिला पासवर्ड टाकून "येतोच" म्हणून गेला तो गेलाच. मी वैतागून ती टिक तशीच ठेवून फिनिश दाबलं, आणि काय, दुसऱ्या वेळी पासवर्ड मागितलाच नाही! तिसऱ्यालाही नाही. चालू सेटअपला एकदा मिळालेली परवानगी त्यानंच उघडलेल्या पुढच्या सेटअपला आपोआप जाते, बापाचं खातं पोराच्या नावावर यावं तसं. एका फेरीत तिन्ही उरकले. म्हणजे ज्या टिकेला शिव्या घातल्या तिनंच सहाशे रुपये वाचवले, हे कबूल करायला पाहिजे.

एवढ्यावर थांबलो असतो तर चार स्टार दिले असते. पण जानेवारीत, ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, आणखी एक छोटं अपडेट आलं. पासवर्ड टाकून घेतला, आता मी हुशार झालेलो, खालची टिक काढली आणि वरची मारली. प्रोग्राम उघडला, कंपनीची यादी रिकामी. डेटा सापडत नाही म्हणतोय. समोर बाहेरगावचं गिऱ्हाईक चादरींचा गठ्ठा घेऊन उभं. सर्व्हिसवाले म्हणतात काढून परत टाका. दोन तास बिलबुकावर हातानं बिलं लिहिली, कार्बन पेपर कुठं ठेवलाय तेही आठवेना.

संध्याकाळी भाच्यानं शोधलं. सेटअपच्या स्क्रीनवरून उघडलेला प्रोग्राम ॲडमिनच्या परवानगीनं उघडतो, आणि आपण आपल्या युजरमधून जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसतच नाही. बंद करून डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडला, सगळं जिथल्या तिथं. डेटा गेलाच नव्हता! तो म्हणतो इनो सेटअप म्हणून सेटअप बनवायचं साधन 1997 पासून आहे, त्यात शेवटच्या पानावरचा प्रोग्राम मुद्दाम आपल्या नेहमीच्या युजरनंच उघडायची सोय आहे. मग या लोकांना काय धाड भरली होती? वर्षाचे पैसे तर आगाऊ घेता.

तीन स्टार. रिन्युअल जूनमध्ये, बहुतेक करेन, कारण स्टॉकची सगळी नावं पुन्हा भरायची म्हटलं की अंगावर काटा येतो. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलीये: "वरची टिक मारू नये. खालची राहू द्यावी, शेवटच्या तुकड्याला काढावी." काल हार्डवेअरवाल्यानं ती वाचली, हसला, आणि म्हणला पुढच्या वेळेपासून फेरीचे चारशे.