कॉकाटिएलच्या वाटीत काय असावं: बिया, पेलेट की घरची भाजी?

कॉकाटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, विकत घेताना दुकानदार मिक्स सीडची पिशवी हातात देतो आणि बहुतेक घरांत तेच त्याचं कायमचं जेवण होतं. पक्ष्यांचे डॉक्टर पेलेट (धान्य आणि जीवनसत्त्वं एकत्र करून बनवलेले तयार दाणे) सांगतात, तर घरातली मोठी माणसं पेरू, मिरची, भिजवलेली डाळ. (आपला हिरवा पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बंदी आहे, म्हणून इथे त्याचा विचार नाही.)

बिया पक्ष्याला मनापासून आवडतात. चोचीत बी फिरवून टरफल सोलण्यात त्याचा वेळही छान जातो. राळ्यासारखं बारीक धान्य वाईट नाही. अडचण अशी की मिश्रणातून तो सूर्यफूल आणि करडईच आधी वेचतो. सूर्यफुलाच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं, कॅल्शियम कमी आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं नुसत्या बियांवर राहिलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते, नाकाचे संसर्ग वारंवार होतात, मादीचं अंडं अडकू शकतं. शिवाय टरफलं वाटीतच पडत असल्याने रिकामी वाटी भरलेली दिसते. रोज फुंकर मारून खाली दाणे उरलेत का, ते बघाच.

पेलेटमध्ये वेचायला वावच नाही, प्रत्येक घासात सारखं पोषण मिळतं. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना हे सोयीचं. पण ते महाग पडतं आणि पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होते, म्हणून लहान पाकीट घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. खरी जोखीम बदल करताना असते. बियांवर वाढलेला पक्षी पेलेटला अन्न म्हणून ओळखत नाही आणि भरल्या वाटीसमोर उपाशी राहू शकतो. ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. बियांत थोडं थोडं पेलेट मिसळत जा आणि रोज सकाळी ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर त्याचं वजन करा. कॉकाटिएल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. त्यातले आठ-दहा ग्रॅम घटले तर पुन्हा पूर्ण बिया सुरू करून डॉक्टरांना दाखवा. या बदलाला काही आठवडे लागतात, हट्टी पक्ष्याला काही महिनेही.

घरच्या खाण्यात मजा सर्वांत जास्त. लाल भोपळा, गाजर, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर यांतून बियांत नसलेलं अ जीवनसत्त्व भरून निघतं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना झोंबत नाही, तेव्हा तीही खुशाल द्या. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगली तर खाणं आणि खेळ एकदमच होतो. मोड आलेले मूगही आवडतात, पण आपल्या उकाड्यात ओलं खाणं दोन तासांत उचलायलाच हवं. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम शोषू देत नाही, म्हणून तो क्वचितच. फळ चवीपुरतं, सफरचंद बिया काढून. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारवलेलं काही कधीच नाही. अ‍ॅव्होकॅडोने तर जीवच जाऊ शकतो. मात्र डाळ-पेरू-मिरची एवढंच रोज दिलं, तर तेही बियांइतकंच अपुरं.

माझी पसंती पेलेटचा पाया, रोज सकाळी चिरलेली भाजी आणि बिया फक्त हातातून भरवायला किंवा कागदाच्या पुडीत लपवून शोधायला लावायला. पक्षी लहान असेल तर आजच सुरुवात करा. वय झालेला, फक्त बियाच खाणारा पक्षी असेल तर पेलेटची घाई नको, आधी भाजीची गोडी लावा. त्याच्यासमोर बसून गाजर स्वतः चावून खाल्लंत तर तो लवकर चोच लावतो. बजी (लव्हबर्डसारखा दिसणारा छोटा पाळीव पोपट) जेमतेम ३०-४० ग्रॅमचा असतो आणि उपास त्याला कॉकाटिएलपेक्षाही कमी झेपतो. त्याच्या वाटीत बियांचा वाटा जास्त राहिला तरी चालेल, फक्त त्यात सूर्यफूल नको.